नकाशावरचा बिननावाचा ठिपका



आम्ही सानगडीचे. जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत. त्या डोंगरांचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा हाती आला तेव्हा आम्ही आधी नावं वाचत सुटलो. उंचीच्या रेषा तपकिरी, रान हिरवं, तुमसर रोडवरून तिरोडीकडे गेलेला रेल्वेफाटा काळा. खाणीही दाखवलेल्या.

हे सारं कुणासाठी मोजलं? खनिज कुठे आहे आणि ते रुळापर्यंत कसं न्यायचं, हे साहेबाला कळावं म्हणून. फर्मोर या भूवैज्ञानिकाचा भारतातल्या मॅंगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ चा. इथल्या एका खडकाला त्याने नाव दिलं 'गोंडाईट', गोंडांवरून. दगडाला गोंडाचं नाव मिळालं, खाण मात्र गोंडाला मिळाली नाही.

आणि आपण? गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानत, हे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये लिहून ठेवलंय. शीव ज्याला तोंडपाठ, त्याचं घर शिवेबाहेर. नकाशातही तेच! गावाचं नाव ठळक छापलेलं, आणि बाजूला सुटे चार-सहा तांबडे ठिपके. त्यांना नाव नाही.

आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला. पण मग वनहक्क कायदा आठवला. २००६ च्या या कायद्यात आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे १९३० पर्यंत मागे जावं लागतं. आपल्या आजोबांकडे कुठला सातबारा? दावे तिथेच अडतात. पण पुरावा म्हणून सरकारी नकाशे चालतात, असं नियमातच आहे. म्हातारे माणसांचे जबाबही चालतात.

म्हणून रानालगतच्या वस्त्यांतल्या पोरांनो, नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं, ते आधी बघा. छपाईचं वर्ष वेगळं असतं, त्यात फसू नका. वर्ष १९३० च्या आधीचं निघालं आणि तुमच्या वस्तीच्या जागी ठिपका असला, तर ती शीट घेऊन वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीकडे बसा. तिथे कोण राहत होतं, विहीर कुणी खोदली, हे ती सांगेल. तिचा जबाब लिहून घ्या, अंगठा घ्या, आणि दोन्ही कागद दाव्याला एकत्र जोडा.