बंगळुरूच्या गुजरीतला व्हाइस

मुलगा किंवा मुलगी बंगळुरूला नोकरीला असली की आईवडिलांच्या तिकडे दोन-चार फेऱ्या होतातच. लालबाग होते, विधानसौध बाहेरून पाहून होतो, एखाद्या दर्शिनीत उभ्या उभ्या इडली-वडा आणि फिल्टर कॉफी होते. मग रविवारची सकाळ उजाडते आणि घरात प्रश्न पडतो, आज कुठे जायचं? तुमच्या घरात कुणी फिटर, टर्नर किंवा मेकॅनिक होऊन गेलं असेल, तर माझं ऐका. मेट्रोची हिरवी लाइन पकडा, चिकपेटला उतरा आणि बी. व्ही. के. अय्यंगार रोडच्या दिशेने चालू लागा.

हे मूळचं बंगळूर. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या पेठा अजून धंद्याच्या नावांनीच ओळखल्या जातात: बळेपेट बांगड्यांची, अक्कीपेट तांदळाची, कुंभारपेट कुंभारांची. 1638 नंतर ही पेठ शहाजीराजांच्या जहागिरीत होती, त्यामुळे मराठी माणसाला इथे अगदीच परकं वाटायला नको. रविवारी सकाळी बंद दुकानांच्या पायऱ्यांपुढे प्लॅस्टिकचे कागद अंथरले जातात आणि त्यावर जुने पाने, ड्रिल, घड्याळं, रेडिओ, कानशी, कुलपं मांडली जातात. याला सगळे ‘संडे बझार’ म्हणतात. इतर दिवशी असाच, पण जास्त वजनदार माल हवा असेल तर कलासिपाळ्यजवळच्या जॉली मोहल्ल्यात जायचं.

कानडीत भंगाराला ‘गुजरी’ म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण त्याच्या गावची गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ! पण बंगळुरूच्या गुजरीतही सोनं मिळतं, फक्त ते काळं, तेलकट आणि उचलायला दोन हात लागणारं असतं.

मी बोलतोय बेंच व्हाइसबद्दल. शाळेच्या कार्यशाळेत तुम्ही तो पाहिला असेल: टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेले दोन लोखंडी जबडे, पुढे एक दांडी, ती फिरवली की जबडे मिटतात आणि मधली वस्तू हलत नाही. कापा, घासा, वाकवा, वस्तू जागची ढळणार नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडचा विद्यार्थी कानस चालवायला इथेच शिकतो. कारकुनाला जसं मेज, तसा फिटरला व्हाइस.

असे जुने व्हाइस बंगळुरूच्या भंगारात दिसतात यात नवल नाही. आयटीच्या कितीतरी आधी हे कारखान्यांचं शहर होतं. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. आजची एचएएल ती हीच. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, तिथे अमेरिकन हवाई दलाचा दुरुस्ती डेपो चालत होता. पुढे 1946 मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक आली, 1948 मध्ये आयटीआय ही टेलिफोनची कंपनी, 1953 मध्ये एचएमटी, 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. किर्लोस्करांचाच लेथचा कारखाना 1941 पासून हरिहरला होता. नंतर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या शेडची रांगच लागली. या सगळ्यांत फिटरांची बाकं होती आणि बाकांवर व्हाइस.

आता कामं संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतात. एखादी शेड बंद पडली की लेथ लेथ म्हणून विकला जातो, व्हाइस मात्र किलोवर जातो. तिथून तो भट्टीत जातो आणि कधीकधी एखाद्या गटाराचं झाकण होऊन परत येतो. वितळतं ते नुसतं लोखंड नसतं, त्यावर ओतलेली अक्षरंही वितळतात. म्हणून भाव विचारण्याआधी अक्षरं वाचायला शिका.

सोपी युक्ती सांगतो. अक्षरांवर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासा. रंगाखाली दबलेलं नावही कागदावर उमटतं. हे काम नातवंडांना द्या, त्यांची चिकाटी आपल्यापेक्षा जास्त. शेवटाकडे नीट बघा: इंग्रज लोक ‘व्हाइस’ हा शब्द सी घालून लिहितात, अमेरिकन एस घालून. एवढ्या एका अक्षराने समुद्र ठरतो.

‘रेकॉर्ड’ हे नाव निघालं तर तो माल शेफिल्डच्या सी अँड जे हॅम्प्टन कंपनीचा. ही कंपनी 1898 ची, आणि तिचा निळा रंग जगभरचे हौशी लोक ओळखतात. नावाशेजारचा आकडा म्हणजे माप. नंबर 3 म्हणजे चार इंची जबडा. ‘पॅरॅमो’ हेही शेफिल्डकडचंच. ‘वोडन’ वेन्सबरीचं. दांडीजवळ खटका असेल आणि तो दाबल्यावर जबडा सरळ मागेपुढे ओढता येत असेल, तर तो झटपट सुटणारा व्हाइस. यॉर्कशायरमधल्या शिप्लीच्या पार्किन्सन कंपनीचे असे व्हाइस नावाजलेले आहेत. जमिनीपर्यंत लांब पाय असलेला, घडीव लोखंडाचा दिसला तर तो लोहाराचा. घणाचे घाव पायातून जमिनीत जावेत अशी त्याची रचना असते. शिकागोचा ‘विल्टन’ दिसणं दुर्मीळच. दिसलाच तर सरकत्या भागाच्या खालची पट्टी पाहा. तिथे ठोकलेली तारीख बहुतेक वेळा पाच वर्षांची हमी संपण्याची असते, म्हणजे पाच वर्षं वजा केली की जन्मसाल मिळतं. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी किंवा लष्करी माल. मात्र विक्रेता ‘एचएएलचा आहे, सार’ म्हणाला म्हणून तो तिथलाच, असं समजू नका. नुसतं मानेने हो म्हणा.

माझं मत थोडं वेगळं आहे. विलायती नावासाठी सगळे धावतात, पण ‘रेकॉर्ड’चं रेकॉर्ड शिल्लक आहे. त्याचे कॅटलॉग, मापं, रंग सगळं कुणी ना कुणी जपलंय. पंजाबातल्या, कोल्हापुरातल्या किंवा इथल्याच एखाद्या छोट्या फाउंड्रीने ओतलेल्या व्हाइसचं तसं नाही. तिचा कॅटलॉग छापलाच गेला नसेल. मालक गेला, शेड पडली, आणि ती फाउंड्री होती याचा पुरावा म्हणजे बिडावरची ती पाच-सात अक्षरं. दोन्ही समोर असतील आणि एकच उचलता येत असेल, तर मी देशी उचलीन. दोन्ही उचलता येत नसतील तर निदान त्या अक्षरांचा फोटो तरी काढा.

घेताना चार गोष्टी तपासा. हातोडीने हलकेच वाजवा. स्वच्छ आवाजाऐवजी फुटक्या मडक्यासारखा आला तर कुठेतरी तडा आहे. पुढचा जबडा धरून वरखाली हलवा, फार डुगडुगत असेल तर सोडा. स्क्रूचे आटे पाहा: जबड्याच्या नेहमीच्या जागी ते धारदार झाले असतील तर झिजलेत. पितळी रंगाची रेघ दिसली तर कधीतरी जोड दिलाय. जड कामाला तो टिकेल याचा भरवसा नाही. गंजाला मात्र घाबरू नका. गंज उतरतो, तडा उतरत नाही. मग ‘एष्टु?’ विचारा, आणि आकडा ऐकून हसत ‘स्वल्प कम्मी माडी’ म्हणा. ‘जरा कमी करा’ हे तोडक्या कानडीत म्हटलं तरी समोरचा खूश होतो.

घरी आणल्यावर पहिलं काम धीर धरण्याचं. जाम झालेल्या आट्यांवर रॉकेल आणि थोडं तेल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. दांडीला लांब पाइप लावून जोर करू नका, बीड वाकत नाही, सरळ तुटतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवायचं.

गंजासाठी मला सोड्याची पद्धत आवडते. प्लॅस्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, या प्रमाणात पाणी करा. साध्या बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसच्या भागाला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडा. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न चिकटता. स्टीलची ताटली वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे मोकळ्या गच्चीवर करा, जवळ काडी ओढू नका, आणि चार्जर बंद करूनच हात घाला. दुसऱ्या दिवशी गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो. भाग लगेच पुसून, सुकवून तेल लावा. तासाभरात पुन्हा तांबूस छटा येते.

रंगाबद्दल वाद आहेत. काहीजण नव्यासारखा चकचकीत करतात. मी अक्षरांभोवती फार घासत नाही, आणि कुण्या फिटरने पंचने ठोकलेला आपला टोकन नंबर तर मुळीच घासत नाही. जबड्याच्या पट्ट्यांचे दात गेले असतील तर नव्या बसवाव्यात, जुन्या डब्यात ठेवाव्यात.

परतीचा प्रवास विमानाचा असेल तर आधी विचार करा: चार इंची व्हाइस पंधरा किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे तुमचं सगळं सामान तोच. हातातल्या पिशवीत तर तो सुरक्षा तपासणीत अडकणारच. त्यापेक्षा उद्यान एक्स्प्रेस बरी. सोलापूर, पुण्यापर्यंत तो सीटखाली निमूट बसून येतो.

घरी बाक मजबूत हवं, आणि उंची मोजायची फिटरांची जुनी रीत आहे. व्हाइससमोर ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची. कोपर जबड्याच्या माथ्याला टेकलं की उंची बरोबर. ती ज्याची त्याची वेगळी येते, म्हणून नातीलाही कानस धरायची असेल तर तिच्या पायाखाली एक भक्कम लाकडी पाट ठेवा.