पाटी पुसली की मिटलं

आमच्या पिढीच्या माणसाला शाळेविषयी बोलतं केलं की तो हटकून दोन गोष्टी सांगतो. एक, आमच्या वेळची शाळा म्हणजे शाळा होती. दोन, गुरुजी ढोरासारखं मारायचे. ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, हे त्याच्या गावीही नसतं. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही तालुक्यातला पन्नाशी ओलांडलेला माणूस घ्या. ज्या हातावर छड्या खाल्ल्या, तोच हात नाचवून तो नातवाच्या टॅबला नावं ठेवतो. मीही त्याच पंगतीतला. तेव्हा पुढच्या मजकुरातला निम्मा गोडवा वयाचा आहे, असं धरून चालावं.

दगडी पाटीचे लाड फार असत. रविवारी ती घासायची: आधी चुलीतला कोळसा, मग भोपळ्याच्या वेलाचा पाला, मग विहिरीवर धुऊन उन्हात ठेवायची. काळीभोर निघाली की सोमवारी वर्गात मिरवायची. चौकटीत तारेवर लाल-पिवळे मणी असलेली पाटी ज्याच्याकडे, तो श्रीमंत. ओल्या स्पंजाची डबी बाळगणारे दोघे-तिघे. बाकी सगळा कारभार थुंकीवर. थुंकीनं पाटी पुसणं हा सरस्वतीचा अपमान, असं गुरुजी सांगत. पेन्सिल खाल्ली की पोटात खडे होतात, असं आई सांगे. आम्ही दोघांचंही ऐकलं नाही. दसऱ्याला त्याच पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उभी राही, तिला हळदकुंकू लागे, आणि पाटी पूजेत असल्यामुळे त्या दिवशी अभ्यास करणं अधर्म ठरे. वर्षातला एवढा एक नियम आम्ही काटेकोर पाळला.

आता टॅब लोखंडी कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. गावानं लोकवर्गणी करून घेतलेली वस्तू. फुटली तर विषय सरपंचापर्यंत जातो. म्हणून टॅब मोजून बाहेर येतात आणि मोजून आत जातात. पोरं हात धुऊन, शर्टाला पुसून चटईवर बसतात आणि आधी बघतात ते टक्के. ज्याच्या टॅबला ऐंशी टक्के चार्जिंग, तो आजचा मण्यांच्या पाटीवाला. दसऱ्याला टॅबचीही पूजा होते. एका शाळेत कुंकवाचं बोट काचेला लागताच पडद्यावरचं चित्र बदललं आणि पहिलीतली पोरगी दचकून मागं सरली. देवी जागृत होती, एवढं खरं.

गंमत अशी, की आमच्या आजोबांनी पहिलं अक्षर गिरवलं ते धूळपाटीवर, बोटानं. आम्ही गिरवलं पेन्सिलीनं, आमच्या पोरांनी बॉलपेननं, आणि नातवंडं पुन्हा बोटानंच गिरवतायत. ठिपक्यांच्या ‘अ’वरून बोट फिरलं की टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात. आमच्यासाठी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गुरुजी मागून येत, आमचा हात आपल्या हातात घेत आणि ‘अ’ काढवून घेत. त्यांच्या बोटांना खडूचा आणि तंबाखूचा वास असे. हात धरला की अक्षर त्यांचं उमटे, हात सोडला की आमचं. या दोन अक्षरांतलं अंतर कमी करण्यात पहिलीचं वर्ष जाई.

अक्षराचा अभिमान आमच्या जिल्ह्याला असावा, याला कारणही आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, आणि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसं घोटावं, ओळी कशा राखाव्यात, पानाच्या कडा किती सोडाव्यात. गुरुजी याचा दाखला देत आणि शुद्धलेखनाच्या वहीवर लाल रेघ मारत. टॅबला अक्षराशी कर्तव्य नाही. बोट ठिपक्यांच्या आसपास फिरलं तरी तो शाबासकी देतो. पण ज्याचं अक्षर वाईट त्याची अक्कलही वाईट, असा निवाडा तो देत नाही, हेही सांगायला हवं. आमच्या वर्गात हा निवाडा रोज होई, आणि त्या निवाड्यावर शाळा सोडलेली माणसं आजही गावात आहेत. त्यांचं हिशेबात कुठंही अडत नाही.

शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास पाढ्यांचा. चारही वर्ग एकाच खोलीत, किंवा पाऊस नसेल तर निंबाखाली. एकानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. बे एकं बेपासून तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि ज्याची छाती असेल त्याच्यासाठी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आवाज असा लागे, की वेशीपलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायकांना शाळा सुटायची वेळ कळे. आज हे आठवून आमच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मात्र एक अडचण आहे. दशमान नाणी देशात १ एप्रिल १९५७ला आली, पाठोपाठ किलो-लिटर आले. पायली-शेराच्या हिशेबाला लागणारी औटकी आम्ही पाठ केली, तेव्हा बाजारातून ती कधीच उठली होती. जे शिकलो ते शिकतानाच जुनं झालेलं होतं, आणि आता आम्ही म्हणतो की टॅबमधलं पाच वर्षांत जुनं होईल.

शिवाय त्या कोरसात लपायला जागा भरपूर होती. सतराचा पाढा आला की निम्मा वर्ग नुसते ओठ हलवी. ज्याला येत नाही त्याला इतरांचा आवाज ओढून नेई. तो पुढं गेला असं गुरुजींना वाटे, त्यालाही वाटे. आता टॅबसमोर तसं चालत नाही. पोरगं एकटं, कानात इयरफोन, समोर सतरा सक्कं किती, आणि खाली चार पर्याय. चुकलं की ॲप पुन्हा विचारतं, जरा सोपं करून विचारतं, दहा वेळा विचारतं. कंटाळत नाही, घरी जायची घाई नसते, आणि पोराच्या बापाशी त्याचं बांधावरून भांडणही नसतं. ज्यांना खरोखर येत नव्हतं, त्यांच्यासाठी ही शाळा आमच्या शाळेपेक्षा चांगली आहे, यात मला शंका नाही. फक्त वर्गात आवाज नसतो. दुपारी शाळेवरून गेलं तर आत पोरं आहेत की नाहीत ते कळत नाही.

गूगलचं ‘रीड अलाँग’ नावाचं एक ॲप आहे. पोरानं मोठ्यानं वाचायचं; त्यातली दिया ऐकते, अडलेला शब्द म्हणून दाखवते, चांदण्या देते. मराठी आणि उर्दू, दोन्ही तिला येतं. जालन्यासारख्या गावात याचं महत्त्व पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. १९४८पर्यंत इथं निजामाचं राज्य. वरच्या वर्गांतलं शिक्षण उर्दूतून. आमचे आजोबा घरी मराठी, शाळेत उर्दू आणि देवापुढं संस्कृत बोलत आणि तिन्हीकडे थोडे बिचकत. त्यांना असं कुणी भेटलं असतं, की जे अडखळणं ऐकून घेतं आणि हसत नाही, तर? आमच्या वर्गात वाचताना ‘ष’ आणि ‘श’ची गल्लत झाली की चाळीस पोरं हसत. आम्हीही हसायचो, आपली पाळी यायच्या आधी जितकं हसून घेता येईल तितकं.

मार मात्र मार होता. निरगुडीचा ओला फोक, आणि तो तोडून आणायचा मान ज्याला मार बसायचा त्यालाच. त्यातून आम्ही घडलो, असं सांगणारे गेट-टुगेदरला भेटतात. जे घडले नाहीत ते गेट-टुगेदरला येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि छडी कायद्यानं गेली. तिच्यासाठी मी रडणार नाही.

मी रडतो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमच्या चुका जाहीर होत्या, पण टिकत नव्हत्या. भागाकार चुकला, हात उलटा करून एक बसली, वर्ग हसला. मग थुंकी, तळहात, एक फेर, आणि पाटी कोरी. दुपारपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही नसे. टॅबवरची चूक शेजाऱ्यालाही दिसत नाही, पण ती पुसलीही जात नाही. ती आत कुठंतरी जमा होते, तिचा आलेख होतो, आलेखाचा रंग होतो, आणि तो रंग केंद्रप्रमुखांपासून पुण्या-मुंबईपर्यंत कुणालाही उघडून बघता येतो. तिसरीतली अमुक मुलगी वजाबाकीत हातचा विसरते, हे आता एका यंत्राला कायमचं ठाऊक आहे. आम्ही काय काय विसरलो, याचा दस्तऐवज कुठंच नाही. आमचा हिशेब वर्षातून एकदाच, १ मेला, निकालाच्या दिवशी. १९८१च्या १ मेला तर जालना जिल्हाच नवा झाला. आम्ही निकाल आणायला गेलो ते औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परत आलो ते जालना जिल्ह्यात; परतूरकडची पोरं परभणी जिल्ह्यातून निघाली होती. तिसरीत पाठ केलेला जिल्ह्याचा भूगोल एका दिवसात खोटा ठरला, आणि त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

टॅब काही अचानक आकाशातून पडला नाही. पडला तो ‘आकाश’ नावाचा, २०११च्या ऑक्टोबरात. विद्यार्थ्यांना अगदी स्वस्तात देऊ म्हणून दिल्लीत गाजावाजा झाला आणि यथावकाश विरला. त्याआधी, २००७मध्ये, रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते. ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग तिथला. त्याच्याही आधी, १९८४मध्ये पुण्यात बालचित्रवाणी निघाली, ती २०१७मध्ये बंद झाली. आमच्या गावी बालचित्रवाणी बघायला ग्रामपंचायतीच्या एकुलत्या टीव्हीपुढं रांगेनं नेत, आणि अँटेना फिरवायला छपरावर चढायचा मान हुशार मुलाला मिळे. तो बिचारा एकही कार्यक्रम बघू शकला नाही. दर यंत्राला नारळ फुटला, दर यंत्राबरोबर भाषण झालं, आणि कालांतरानं दर यंत्राच्या खोक्यात खडू ठेवले गेले.

या खेपेला मात्र गोष्ट जरा वेगळी दिसते, कारण यात मास्तर पुढं आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढं बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापले जाऊ लागले, आणि २०२०च्या डिसेंबरात गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालणारे, वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत पुस्तक घेणारे आम्ही. त्या पुस्तकात आधीच्या मालकानं उत्तरांवर केलेल्या खुणा हाच आमचा क्यूआर कोड. खुणा निम्म्या चुकीच्या असत, पण माणसाच्या असत. तिकडं स्वीडननं २०२३मध्ये पडदे बाजूला सारून छापील पुस्तकांसाठी पैसा काढला म्हणे. आपल्याकडं पुस्तक कधी गेलंच नव्हतं, त्यामुळे परत आणायची तसदी वाचली.

गुरुजींचं काय झालं, तेही बघितलं पाहिजे. आमच्या गुरुजींना जनगणना, निवडणूक आणि दिपोटीसाहेबांचं इन्स्पेक्शन एवढा ताप होता. साहेब यायचे तेव्हा आदल्या दिवशी मुली वर्ग सारवत, दाराला तोरण लागे, आणि येणारी कविता कुणाला विचारायची ते आधीच ठरे. आता साहेब रोजच येतात, मोबाइलमधून. सरल भरा, यू-डायस भरा, हजेरी ॲपवर टाका, खिचडीचे आकडे पाठवा, फोटो पाठवा. गुरुजी वर्गात खाली मान घालून बोटं चालवताना दिसले तर ते शिकवण्याचं ॲप उघडत असतील, असं समजू नये. चौथीला टॅब देऊन ते माहिती भरत बसलेले असतात. आमच्या वेळी या जागी मॉनिटर होता. तो पाढे घेई आणि लाडू घेऊन नावं खोडे. टॅब लाडू खात नाही, म्हणून न्याय थोडा वाढलाय.

करोनात मार्च २०२०नंतर शाळा बंद पडल्या तेव्हा सगळे म्हणाले, आता ॲपच शाळा. पण घरात फोन एक, तो बापाबरोबर शेतात. रेंज टेकडीवर, आणि रिचार्ज संपलेला. त्यापेक्षा जुलैत सह्याद्री वाहिनीवर लागलेली ‘टिलीमिली’ बरी पडली, तिला नेट लागत नव्हतं. आणि त्याहून बरे पडले ते ओट्यावर चार-चार पोरं बसवून शिकवणारे मास्तर.

दिवाळी झाली की मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडचे ऊसतोडीचे ट्रॅक्टर अजूनही निघतात. पोरं बरोबर जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काहींना धाकटं भावंड सांभाळायला जावंच लागतं. आमच्या वेळी असा पोरगा उन्हाळ्याच्या तोंडावर परत आला की हजेरीपटावर त्याचं नाव कमी झालेलं असे. गुरुजी त्याला खालच्या वर्गात बसवत. दोन-तीन हंगामांत तो मिसरूड फुटलेला दुसरीतला विद्यार्थी होई आणि लाजेनं शाळा सोडी. असे माझ्या वर्गात होते, आणि त्यांना हसण्यात आम्ही मागं नव्हतो.

परवा अशीच एक पोरगी कारखान्यावरून परतली. हात कोयत्यानं नाही, पण उसाच्या पाचटानं कापलेले. मॅडमनी तिच्या नावाचं ॲप उघडून दिलं. नोव्हेंबरात ती ज्या गणितावर थांबली होती, तेच गणित समोर आलं. तू कुठं होतीस, हे त्यानं विचारलं नाही. ती बराच वेळ काचेकडं बघत राहिली, मग बोट उचललं. तेवढ्यात शेजारचा पोरगा वाकून म्हणाला, “अगं, हातचा घे ना!” मॅडमनी त्याला दटावलं, कारण उत्तर सांगितलं की तिचा आलेख चुकतो. पोरीनं हातचा घेतला आणि पुढचं गणित मागितलं.