भाजलेली माती

आमच्या घराण्याचा जंतूंशी उभा दावा. त्यामुळे आईच्या मागे तिच्या लुगड्याच्या घडीत मिरचीच्या बियांची पुरचुंडी सापडली, तेव्हा मी आधी कुंडीतली माती भाजायला घेतली. रव्यासारखी, खमंग.

"माती कशी शुद्ध हवी!" मी म्हणालो.

"अहो, पण कढई माझी आहे," ही म्हणाली.

रोपं बोटभर झाली आणि बुडाशी कुजून एकेक आडवी पडली. निम्मं बी संपलं. पुन्हा मागायला आता आई नव्हती.

शेजारचे अण्णा शेतकी खात्यातले निवृत्त. कुंडी बघून म्हणाले, "अहो, पहारेकरीच भाजलेत तुम्ही! आता बाहेरून रोगाची बुरशी आली, तर तिला अडवणार कोण?"

मग त्यांनी सुडोमोनास नावाच्या जिवाणूची भुकटी आणून दिली. हा मुळांभोवती बिऱ्हाड करतो आणि मातीतलं लोह आधीच स्वतःकडे ओढतो, बुरशी उपाशी. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. पंगतीत शेजाऱ्याच्या आधी श्रीखंड संपवणारे आमचे एक मामा होते. त्यांच्यावर मात्र कोणी संशोधन केलं नाही.

किलोभर बियाण्याला दहा ग्रॅम भुकटी, असं अण्णांचं माप. माझ्याकडे अकरा बिया. चौथीनंतर प्रथमच त्रैराशिक मांडलं, शेवटी चिमूटभर चोळली. माती या खेपेला न भाजलेली.

आज सात रोपं उभी आहेत. एकीला कळीही आहे. कढई मात्र हिने अजून स्वयंपाकघरात घेतलेली नाही.