स्टीलहेड आणि आमची गरी

मुंबईच्या बाजारांत इंग्रजी बोलणारें गिऱ्हाईक आलें कीं रावसाची तुकडी पुढें करून 'हा इंडियन सामन' म्हणून सांगण्याची चाल आहे, आणि गिऱ्हाईकही तें खरें मानून चालतें. वस्तुतः रावस आणि सामन यांचें गोत्र अगदीं निराळें. रावस आपल्या उष्ण समुद्रांत व खाड्यांच्या मुखाशीं वावरणारा मासा. सामन थंड प्रदेशांतील नदींत जन्मतो, समुद्रांत जाऊन वाढतो आणि अंडीं घालण्याची वेळ आली म्हणजे शेंकडों कोस पोहून आपली जन्मनदी शोधीत परत येतो. आपल्या देशांत याच्याशीं थोडेंबहुत साम्य पाहावयाचें तर नर्मदेच्या मुखांतून वर चढणारा हिल्सा पाहावा.

आम्ही पोटापाण्याच्या उद्योगानें अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, वॉशिंग्टन राज्यांत राहतों. लहानपणीं शाळा सुटल्यावर खाडीच्या कांठीं बसून गरवण्याची जी खोड लागली, ती तेथेंही सुटली नाहीं. उलट तेथील नद्यांनीं ती वाढविली. वार्षिकांत माजी विद्यार्थ्यानें कांहीं उपदेशपर लिहावें अशी अपेक्षा असते, हें आम्ही जाणतों. परंतु आमच्याजवळ उपदेशापेक्षां गळ अधिक आहेत. तेव्हां विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं गळांचीच हकीकत गोड मानून घ्यावी.

तेथील नद्यांत सामनाच्या पांच जाति येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. या पांचांचीही गत एकच. अंडीं घातलीं कीं नर व मादी दोघेंही थोड्याच दिवसांत मरून जातात. हिंवाळ्यांत त्यांच्या शवांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड जमतात, आणि स्कॅजिट नदीच्या कांठीं हा देखावा पाहण्यास लोक लांबून येतात. स्टीलहेड मात्र या पंचकाहून वेगळा. नांवाचा अर्थ 'पोलादी डोक्याचा'. समुद्रांतून नुकताच आलेला मासा हातीं धरला म्हणजे त्या निळसर राखी डोक्याकडे पाहून नांव सार्थ वाटतें. शास्त्रदृष्ट्या हा म्हणजे रेनबो ट्राउटच, जो इंग्रजांनीं आपल्या निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला, तोच. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकीं कांहीं जन्मभर नदींतच राहतात आणि वीतभर वाढून स्वस्थ असतात. कांहीं दोनएक वर्षें नदींत काढून समुद्राची वाट धरतात आणि हातभर होऊन परततात. कोंकणांतल्या घरांत एक भाऊ माडांना पाणी घालीत राहतो आणि दुसरा मुंबईस जातो, तसाच हा प्रकार. अंडीं घालून स्टीलहेड मेलाच पाहिजे असें नाहीं. कांहीं पुन्हां समुद्रास मिळतात व आणखी एकदां येतात. साधारण मासा सहापासून बारा पौंडांचा असतो. १९७० सालीं अलास्कांत एका आठ वर्षांच्या मुलानें ४२ पौंड २ औंसांचा धरला, हें आमच्या बाळगोपाळ वाचकांनीं घरच्या वडील मंडळींस अवश्य वाचून दाखवावें.

आतां अडचण अशी कीं, नदींत शिरलेला हा मासा फारसें खात नाहीं. समुद्रांत अंगीं साठविलेल्या चरबीवर तो दिवस काढतो. तेव्हां भुकेल्या माशास आमिष दाखवून फसविण्याची आपली नेहमींची युक्ति येथें अर्धीच चालते. गळ त्याच्या तोंडासमोर न्यावा लागतो. विशेषतः पाणी चार-पांच अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेलें म्हणजे तो सुस्तावतो आणि हातभर अंतरावरची वस्तुही सोडून देतो. यास्तव पहिली विद्या काठीची नव्हे, पाण्याची.

प्रवाहांत मोठा धोंडा असला कीं त्याच्या मागें, आणि पुष्कळदां पुढेंही, पाणी मंदावतें. जोराचा प्रवाह व संथ पाणी जेथें एकमेकांस घासून जातात तेथें पृष्ठभागावर शिवणीसारखी रेघ दिसते. डोह संपून पाणी पुन्हां उथळ व वेगवान होऊं लागतें, त्या भागास आम्ही डोहाची शेपटी म्हणतों. खालच्या खडखडाटांतून चढून आलेला मासा अशा ठिकाणीं दम खातो. खोली पुरुषभर किंवा त्याहून कमी, आणि वेग माणसाच्या रमतगमत चालण्याएवढा असला कीं तेथें गळ टाकावा. रंगही पाहावा लागतो. नदी मातकट असेल तर माशाला कांहीं दिसत नाहीं. फार निवळली तर त्याला आम्ही दिसतों. पूर ओसरतांना पाणी हिरवट होऊन तीन-चार फूट खोलीपर्यंत नजर जाऊं लागते, तो दिवस कचेरींत रजेचा अर्ज देण्याचा. स्कॅजिटला रॉकपोर्टजवळ साउक नांवाची उपनदी मिळते. तिच्या वरच्या अंगास ग्लेशियर पीक हा ज्वालामुखी पर्वत असून त्यावरील हिमनद्या जात्यांतल्या पिठासारखी बारीक राखी माती पाण्यांत सोडतात. त्यामुळें एकाच सकाळीं दोन नद्यांचे रंग दोन असतात, आणि कोणत्या कांठीं जावें हा वाद मोटारींतच सुरू होतो.

कोंकणांत आमची गरी म्हणजे बांबूची काठी, तंगूस आणि गळ. येथें काठी दहा फुटांची, कार्बनच्या तंतूंची, मुठीकडे घट्ट व शेंड्याकडे लवचीक. तिला रीळ जडविलेलें. रिळावर पाण्यावर तरंगणारा विणलेला बारीक दोरा. दोऱ्याला बोया, बोयाखालीं शिशाचे लहान मणी, मग पीळ पडूं न देणारी एक फिरती कडी, आणि तिच्यापुढें दोन हात पारदर्शक तंगूस, आठ ते बारा पौंडांचा ताण सोसणारा. हा तंगूस दोऱ्यापेक्षां मुद्दाम कच्चा ठेवितात. धोंड्यांत गळ अडकला तर तोच तुटावा आणि बाकीचा सरंजाम वांचावा. शेवटीं एकच गळ आणि त्याच्या बोटभर वर सामनाच्या अंड्याएवढा नारिंगी मणी. सामनाचीं वाहून आलेलीं अंडीं हा ट्राउटचा लहानपणापासूनचा खाऊ. पोट भरलेलें असलें तरी जुनी संवय जात नाहीं.

हें सामान जुळविणें पांच मिनिटांचें काम. तें पाण्यांत चालविणें वर्षानुवर्षांचें. नदीच्या तळाचें पाणी धोंड्यांना घासत जातें म्हणून सावकाश चालतें, वरचें वेगानें. बोया वरच्या वेगानें पळूं लागला कीं खालच्या मण्यास फरफटत नेतो, आणि खरें अंडें असें कधीं पळत नाहीं हें तळाशीं पडलेल्या माशास पक्कें ठाऊक असतें. शिवाय काठी आणि बोया यांच्यामधील दोऱ्याला प्रवाहामुळें पोट सुटतें व तेंही बोयास ओढतें. म्हणून शेंड्यानें तो दोरा हलकेच उचलून उगमाच्या बाजूस टाकावा लागतो, बोयास धक्का न लावतां. आणि बोया किंचित् रोखून धरावा लागतो. त्याचें डोकें उगमाकडे जरासें कललें कीं समजावें, मणी पुढें व बोया मागें, असें सर्व यथास्थित चाललें आहे. आमच्या मतें या क्रीडेचें सारें कसब या उचलून टाकण्यांत आहे. दुकानांतील उंची सामान तेथें कांहीं कामाचें नाहीं. बोया दहा वेळां तळ लागून बुडतो आणि अकराव्या वेळीं माशानें बुडतो. काठी मात्र अकराही वेळां उचलावी लागते.

दुसरी रीत मूळची स्कॉटलंडची. तेथील स्पे नदीवरून तिला स्पे पद्धति म्हणतात. कांठावर झाडी दाट असली म्हणजे दोरा पाठीमागें नेऊन फेंकतां येत नाहीं. म्हणून बारा-तेरा फुटांची काठी दोन्ही हातांनीं धरून, दोऱ्याचें वेटोळें पाण्यावरच करून तो पुढें झुगारतात. यासाठीं लागणाऱ्या जाड, आंखूड दोऱ्याचा एक प्रकार आमच्या या नदीवरच सिद्ध झाला, आणि आतां देशोदेशीं त्यास स्कॅजिट हेंच नांव आहे. गळावर आमिष नसतें. पिसें, केंस व चकाकणारे तंतु बांधलेले असतात. तो प्रवाहाला आडवा, थोडा खालच्या बाजूस टाकावयाचा, ताणलेल्या दोऱ्यावर कमानीसारखा कांठाकडे वळूं द्यावयाचा, आणि दोन पावलें खालीं सरकून पुन्हां तेंच. रबरी विजार घालून कमरेएवढ्या बर्फगार पाण्यांत दिवसभर हें करावें आणि संध्याकाळीं रित्या हातानें घरीं यावें, हा नित्यक्रम. क्वचित् एखादे दिवशीं हाताला हिसका बसतो, वासरानें दावें ओढावें तसा.

धातूचे चमचे, नांवेंतून वाहत जात गरवणें, अशा आणखीही रीति आहेत. त्यांचे अभिमानी एकमेकांशीं भांडतात. तें येथें नको.

नियमांचें मात्र सांगितलें पाहिजे. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्यें सामनकुळांतील माशांस एक लहान मांसल पर असतो. संवर्धनकेंद्रांत वाढविलेल्या पिलांचा हा पर नदींत सोडण्यापूर्वीं छाटतात. मासा हातीं आला कीं पाठ पाहावी. पर नसेल आणि हंगाम खुला असेल, तर मासा घरीं न्यावा. पर असेल तर तो रानचा, त्यास सोडलेंच पाहिजे. गळाला उलटा कांटा नसावा. सोडावयाचा मासा पाण्याबाहेर पूर्ण काढावयाचा नाहीं, छायाचित्रासाठींही नाहीं. हे निर्बंध उगाच नाहींत. धरणें, जंगलतोड, पूर्वींची बेसुमार मासेमारी, आणि आतां तापणारें पाणी यांनीं हा मासा इतका घटला कीं, प्युजेट साउंडला मिळणाऱ्या नद्यांतील स्टीलहेड २००७ सालीं सरकारच्या संकटग्रस्त जीवांच्या यादींत गेला. स्कॅजिटवरील वसंतांतला हंगाम २०१० मध्यें बंद झाला, तो २०१८ मध्यें केवळ धरून सोडण्यापुरता उघडला. मुळांत हक्क कोणाचा, तेंही विसरूं नये. १८५५ च्या तहांत तेथील मूळच्या लोकांनीं जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेविला. आणि १९७४ मध्यें न्यायाधीश बोल्ट यांनीं धरण्याजोग्या माशांचा अर्धा वांटा त्यांचा ठरविला. ते आमच्यासारखे हौशी नव्हेत. त्यांचा मासा म्हणजे वर्षाचें धान्य.

२०१९ च्या आरंभीं आमचे काका मालवणाहून आमच्याकडे राहावयास आले. सारा जन्म खाडीवर गेलेला. जानेवारींत त्यांस स्कायकोमिश नदीवर नेलें. तेथें रायटर येथील संवर्धनकेंद्राच्या जवळ पर छाटलेला, सातएक पौंडांचा मासा लागला. काकांनीं तो स्वतः साफ केला, सामानांतून तिरफळें काढलीं, आणि जेवतांना 'बांगड्याची सर नाहीं, पण वाईट नाहीं' असा निकाल दिला. एप्रिलांत साउकवर रानची मादी लागली. आम्हीं तिचें तोंड प्रवाहाकडे करून पाण्यांतच धरिलें, चिमट्यानें गळ काढला आणि शेपटीवरची मूठ सैल केली. ती क्षणभर तशीच राहिली, कल्ले दोनचार वेळां हलले, मग निसटली.

"सोडलंस? कित्याक?" काका म्हणाले.

आम्हीं सांगितलें कीं तिच्या पोटांत हजारों अंडीं आहेत, ती घालावयासच चालली आहे, आणि त्यांतून मोठे होऊन परत येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काकांस तें तत्काळ पटलें. आमच्याकडे पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवितात आणि नारळीपौर्णिमेस समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हां लोटतात. "म्हणजे हा तुमचा आषाढ," ते म्हणाले. आम्हीं मान डोलावली.

"मगे आषाढात गरी घेवन येवचाच कित्याक?"

यावर देण्यासारखीं उत्तरें तेथील गरवणाऱ्यांजवळ पुष्कळ आहेत. नदीवर जाणारे लोकच नदीसाठीं भांडतात. परवान्याचा पैसा माशांच्या कामीं लागतो. नीट सोडलेल्या माशांपैकीं फार थोडे मरतात. आमिष लावलें तर कांहीं अधिक, पिसांच्या गळावर त्याहून कमी. हीं उत्तरें खोटीं नाहींत, आणि आम्हीं तीं सर्व काकांस ऐकविलीं. काका बोलले नाहींत. तंगूस गुंडाळीत राहिले.

त्या वर्षापासून रानच्या माशांच्या पाण्यावर आम्ही गळाचें टोंक पक्कडीनें छाटून मग त्यावर पिसें बांधतों. ही कल्पना आमची नव्हे. त्या बाजूच्या कांहीं जुन्या गरवणाऱ्यांनीं ती पूर्वींच आचरिली आहे. मासा पिसें धरतो, हिसका बसतो, कधीं रिळावरून दोन हात दोराही सुटतो, आणि पुढें कांहीं नाहीं. सोबती हंसतात. दर रविवारीं काकांचा फोन येतो.

"काय रे, किती गावले?"

"एकानें ओढलें," आम्ही सांगतों.

"मोठो होतो?"

तें आम्हांस कसें कळणार? पण काकांच्या मतें तो मोठाच असतो.