काठी, नातवंडं आणि गोदाकाठ

निफाडला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ठरलेला प्रश्न येतो, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" आणि आपण घरचेच लोक ओशाळून म्हणतो, "छे, इथे काय! द्राक्षं आणि थंडी. चला, तुम्हाला त्र्यंबकेश्वर दाखवून आणू." मग गाडी ठरवायची, तासन् तास दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, आणि रात्री पाय चेपत बसायचं. फार तर कुणी अभ्यासू पाहुणा असेल तर त्याला सांगायचं, की न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म इथला, 1842 सालचा. झालं निफाड!

चाळीस वर्षं इथे काढून मीही हेच करत होते. पण गेल्या दोन वर्षांत आमचं फिरणं बदललं, आणि त्याला कारण झालं आमच्या ह्यांचं आजारपण. अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात-पाय हळूहळू सुधारले, बोलणं मात्र अजून अडखळतं. मनात असतो एक शब्द आणि तोंडातून येतो दुसराच. डॉक्टर म्हणाले, रोज चाललंच पाहिजे. आमच्या गल्लीत मोटारसायकली अशा काही घुसतात की धडधाकट माणूस भिंतीला चिकटतो. ह्यांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी काठी कोपऱ्यात ठेवली ती ठेवलीच. मग मीच रविवारची रिक्षा ठरवली. मुलगा-सून पुण्याहून आले की त्यांची गाडी, नातवंडं, डबे, सतरंजी, असा सगळा लवाजमा.

जागा निवडायचे आमचे नियम साधे आहेत. काठी रुतेल असा चिखल नको. दर पन्नास पावलांवर टेकायला दगड, पार किंवा कठडा हवा. आणि दहा मिनिटांच्या आत नातवंडांना काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर धाकटा लगेच "आजी, मोबाईल दे" सुरू करतो.

पहिला मान नांदूर मध्यमेश्वरचा. निफाडहून दहा-बारा किलोमीटर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. वर दारणा धरणातून सोडलेलं पाणी नदीने इथवर येतं, बंधाऱ्याला अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जातं. आमचे हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात 'आवर्तन' या शब्दाशिवाय जेवण झालं नाही! बंधाऱ्यामागे शंभरेक वर्षं गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, बेटांवर पाणवनस्पती उगवल्या आणि पक्षी आले. म्हणजे इंजिनियर ज्याला दोष म्हणतात त्यावर हे अभयारण्य उभं आहे. 1986 साली ते जाहीर झालं, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जगाच्या यादीत गेलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. ह्यांना मनोरा चढवत नाही, पण त्याची गरजही पडत नाही, काठावरच्या झाडांखालून हळूहळू चाललं तरी पुष्कळ दिसतं. चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि वारकरी! अंगाने काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात हे सांगितल्यावर नात इतकी हसली की ते सगळे वारकरी पाण्यावरून फडफडत पळाले. शेजारच्या दुर्बिणवाल्या काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा शाळेत इन्स्पेक्शनला बसले आहे असं वाटलं.

गावात नदीकाठी मृगव्याधेश्वराचं दगडी मंदिर आहे. रामाने सुवर्णमृगाचा, म्हणजे मारीचाचा, वध केला तो इथे, अशी गावची कथा. मृगव्याध म्हणजे हरणाचा शिकारी. शब्दाची फोड केली की गोष्ट आपोआप बाहेर येते, हे मी वर्गात सांगायचे तेच नातवंडांना सांगितलं. धाकट्याचा प्रश्न, "पण मग रामाने एवढ्या लांबून, पंचवटीतून पळत येऊन मारलं?" मी म्हटलं, हो बाबा, तुझ्या आजोबांसारखी रिक्षा नव्हती त्याला.

दुसरी जागा चांदोरी. हे गाव तर अगदी गोदावरीच्या कुशीत, समोर सायखेडा. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे इथले, त्यांचा वाडा गावात आहे. पण खरी मौज नदीच्या पात्रात. इथे पात्रातच जुनी दगडी मंदिरं आहेत, आणि खाली नांदूरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असल्यामुळे एरवी ती पाण्यात असतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हळूहळू वर येतात, आधी शिखर, मग खांब, मग पायऱ्या. अंगावर वाळलेलं शेवाळ, खाचांत गाळ. अशा वेळी सकाळी लवकर जावं. उतार निसरडा असतो, म्हणून ह्यांना आम्ही घाटावर बसवून ठेवतो आणि मुलांना घेऊन मुलगा खाली उतरतो.

एक सांगायलाच हवं. आपल्याकडे कुठलंही काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लोक ठोकून देतात, "हेमाडपंती!" हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. त्याच्या आधीही चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून देवळं बांधत होतेच की! तेव्हा मंडळी, मुलांना निदान 'दगडी देऊळ' म्हणायला शिकवा, त्यात चुकायला जागा नाही.

पावसाळ्यात मात्र चांदोरीला हौसेने जाऊ नये. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं तेव्हा लोकांनी संसार डोळ्यांसमोर भिजताना पाहिले. नदीचं ते रूप बघायला जायचं नसतं. आणि हिवाळ्यातही काही दिवस पाण्यावर पाणवेलींचा हिरवा थर आणि नाशिकच्या सांडपाण्याचा वास असतो. ते लपवून पाहुण्यांना नेण्यात अर्थ नाही. नात म्हणाली, "आजी, गंगा अशी का वास मारते?" आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात ना, तेव्हा तो प्रश्न फार लागला. उत्तर द्यायला मी तिच्या बाबाकडे बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे.

तिसरी जागा सांगितली की घरातले सगळे हसतात, कारण तिथे बघायला काहीच नाही. जोगलटेंभी. तालुका सिन्नर, पण नदीच्या हिशेबाने आमचं शेजारचंच. इथे दारणा गोदावरीला मिळते. संगम, शेतं, थोडी झाडं, बस्स. पण 1906 साली इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपान याची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नवीन नाणी पाडली नाहीत, हरलेल्या राजाच्याच चेहऱ्यावर आपला डोंगर आणि आपलं चिन्ह उमटवलं. नाणं नीट पाहिलं तर खालचा नहपान थोडा थोडा दिसत राहतो.

इतिहासाच्या पुस्तकात 'सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला' एवढी एक ओळ असते. मी ती अनेक वर्षं शिकवली. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या राज्यात कोरवलेला लेख आहे, त्यातही या विजयाचा अभिमान भरभरून आहे. पण मुलांना पटलं ते नाण्यांमुळे. संगमावर बसून मी सांगितलं, की कुणीतरी इथे कुठेतरी एवढी चांदी पुरली आणि परत न्यायला आलाच नाही. का नाही आला? मग जे सुरू झालं! नात म्हणे, तो व्यापारी होता आणि आजारी पडला. धाकटा म्हणे, चोर होता, पकडला गेला. मुलगा म्हणाला, पूर आला असेल आणि खूण वाहून गेली असेल. हे बराच वेळ गप्प होते. मग काठीने मातीत एक रेघ ओढली, तिला दुसरी जोडली, आणि म्हणाले, "दारणा." थोड्या वेळाने पुन्हा, "पाणी... सरकतं." नदी पात्र बदलते, खूण धरलेली जागाच उरत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. नातीला ते माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "म्हणजे आबा, तो आला होता, पण त्याला जागा सापडली नाही?" ह्यांनी मान डोलावली. एरवी मुलं त्यांच्याशी बोलायला थोडी बिचकतात, आपल्याला नीट कळलं नाही तर काय, म्हणून. त्या दिवशी दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसून मातीत नद्या काढत होती. डबा उघडायचा राहिला आणि थालीपिठं गार झाली.

कोठुऱ्याचा घाट आणि बाणेश्वराचं देऊळही छान आहे, शांत. सिन्नरचं गोंदेश्वर तर राजेशाही, यादवकालीन पंचायतन, भोवती विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य यांची छोटी देवळं आणि पुढे नंदीमंडप. आवार प्रशस्त आणि सपाट, त्यामुळे काठीवाल्यांना फार सोयीचं. पण नदीकाठ नाही म्हणून ह्यांचं मन तिथे रमत नाही.

आता हे सगळं लिहायला का बसले ते सांगते. दिवाळीत मुलाने पुण्यातल्या एका फ्लॅटची कागदपत्रं आणली. त्याच्याच इमारतीत, लिफ्ट, खाली बाग, कोपऱ्यावर दवाखाना. "आई, आता दोघांनी इथे एकटं राहू नका." चूक काहीच नाही त्याचं. रात्री दोन वाजता ह्यांना काही झालं तर इथे मी रिक्षावाल्याला उठवणार की शेजारच्यांना, हा विचार मलाही येतो. सूनबाईने तर आमची खोली कशी लावायची तेही ठरवलंय, देवघराला पूर्वेची भिंत. ह्यांच्यापुढे कागद ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि मुलाच्या हातात परत दिले. हो नाही, नाही नाही.

मी मुलाला म्हटलं, जानेवारीत चार दिवस सुट्टी काढून ये. मुलांनाही आण, शाळा बुडाली तर बुडू दे, मास्तरीणबाई परवानगी देतायत! एक दिवस नांदूर, एक दिवस जोगलटेंभी. द्राक्षाच्या मळ्यांत पहाटे शेकोट्या पेटवतात तेही मुलांनी पाहिलेलं नाही. तू आबांबरोबर चाल, ते कुठे थांबतात, किती चालतात, कशाने दमतात ते बघ. मग आपण चौघं बसून बोलू. तो बरं म्हणाला. कागदपत्रं सध्या माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या. कानटोपी आणि जाड स्वेटर आणा, निफाडच्या थंडीची चेष्टा करू नका. दुर्बीण असली तर उत्तम. सकाळी साडेसहाला निघतो, ह्यांना बूट घालायला वेळ लागतो म्हणून पावणेसात धरा.