शून्य मिलिमीटर

प्राथमिक शाळेच्या वर्गात हवामान तक्ता असतोच. पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर सूर्य, ढग आणि छत्री, मधोमध फिरणारा बाण. परिपाठ झाला की एखाद्या मुलानं उठायचं आणि बाण फिरवायचा. माझी शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी, साताऱ्याच्या माण तालुक्यातली. आमचा बाण वर्षातले बरेच महिने सूर्यावरच मुक्कामाला असायचा. जून उजाडला की मुलं तो आपणहून छत्रीवर न्यायची, कारण पुस्तकात जून म्हणजे पावसाळा. बाहेर पत्र्याला हात लावायची सोय नाही इतकं ऊन, आणि वर्गात छत्री! खिडकीतून डोकावायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नव्हती. मी तक्ता कपाटात टाकला आणि पहिली ते चौथीची सगळी पोरं घेऊन पटांगणात गेले.

आमच्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं. जिल्हा एकच, पण पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० च्या आतबाहेर. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना थंड होतो, पाणी तिकडेच सांडतो आणि घाट उतरून आमच्यापर्यंत येतो तेव्हा कोरडा असतो. आमची खरी मदार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. चौथीतल्या एका मुलाचा मामा कोयनेच्या बाजूला राहतो. जुलैत त्यानं मामाला फोन लावला तेव्हा तिकडे कपडे वाळत नव्हते आणि आमच्याकडे फुफाटा उडत होता. "मग ढग आमच्या डोक्यावरनंच जात्यात की, पडत का न्हाईत?" हा त्याचा प्रश्न. पर्जन्यछायेचा धडा मी त्या प्रश्नापासून सुरू केला.

पहिलं काम पर्जन्यमापक. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा, तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, तळाशी खडे आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून शून्याची रेघ मारायची. कृती सगळ्या पुस्तकांत असते. पुस्तकात नसतं ते असं, की कडुनिंबाखाली ठेवलेल्या बाटलीत पाऊस थांबल्यावरही पाणी टपकत राहतं, भिंतीलगतच्या बाटलीत एका बाजूचा पाऊस येतच नाही, आणि उघड्यावरच्या बाटलीतलं पाणी शेळी पिऊन जाते. शेवटी पटांगणाच्या मध्यावर विटांचा चौक रचून बाटली त्यात बसवली आणि वर काट्याची फेसाटी लावली, तोंड तेवढं मोकळं.

मग वाद निघाला. दुसरीतल्या एकाचं म्हणणं, बाटली लहान आहे, त्यामुळे पाऊस कमी भरतो. मोठं भांडं ठेवलं असतं तर जास्त पडला असता. बाकीच्यांनाही ते पटलं. मी उत्तर दिलं नाही. घरून भांडी आणायला सांगितली. तुपाचा लहान डबा, तेलाचा मोठा डबा, स्टीलचा उभा पेला आणि एक बादली अशी रांग उघड्यावर लागली. जूनअखेर एक चांगली सर आली. ती ओसरल्यावर पट्टी घेऊन पोरं धावली. दोन्ही डब्यांत आणि पेल्यात पाणी सारख्याच उंचीला. कुणाचा विश्वास बसेना, पट्टी हातोहात फिरली. बादलीत मात्र उंची जास्त भरली. दुसरीतला तो गडी खूश झाला. पण तिसरीतली एक मुलगी बादलीभोवती फिरून म्हणाली, "हिचं तोंड मोठं हाय आन बूड बारीक. वरनं जास्त घेती आन खाली दाटीवाटीनं ठेवती." सरळ कडांचं भांडं का लागतं, हे मी याहून बरं सांगू शकले नसते.

मिलिमीटर हा शब्द मुलांना काहीच सांगत नाही. लिटर सांगतो. व्हरांड्यात खडूनं एक मीटर लांब-रुंद चौकोन आखला आणि दुधाच्या मापानं एक लिटर पाणी त्यात पसरलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एवढंच पाणी, दर चौरस मीटरला एक लिटर. "एवढुसंच?" असं म्हणून पोरं हिरमुसली. मग शाळेचं छप्पर मोजलं, ते साधारण ६० चौरस मीटर भरलं. १० मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावर ६०० लिटर पाणी पडतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या पोरांना हंडा कळतो. क्षणभर कुणी बोललं नाही, मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आन ते समदं जातंय कुठं?" त्याच महिन्यात पालकांनी पत्र्याला पन्हळ लावून खाली पिंप ठेवलं. आमची झाडं त्या पाण्यावर जगतात.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. भारतीय हवामान विभागाची केंद्रं त्या वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतात, म्हणून आम्हीही तीच धरली. त्या वेळी ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरच्या केंद्रांवर त्याच क्षणी नोंदी घेतल्या जातात, हे सांगितल्यावर आमच्या नोंदवहीचा भाव वाढला. शाळेशेजारी राहणाऱ्या मुलांनी पाळ्या वाटून घेतल्या.

खरी अडचण पावसाची नव्हती, कोरड्या दिवसांची होती. पाऊस पडला की आकडा लिहायला भांडणं. नाही पडला की वहीकडे कुणी फिरकायचं नाही. जुलैची पानं बघितली तर दोन-तीन आकडे आणि बाकी सगळ्या चौकटी रिकाम्या. मी विचारलं, "मंगळवारी किती पडला?" "काहीच न्हाई, बाई." "आणि बुधवारी?" बुधवारी कुणी बघितलंच नव्हतं. दोन्ही चौकटी रिकाम्या, पण एकीत पाऊस नव्हता आणि दुसरीत माणूस नव्हता. वही बघणाऱ्याला हे कळणार कसं?

त्यावर बराच खल झाला. मुलांनी ठरवलं ते असं: जाऊन बघितलं आणि पाणी नव्हतं तर शून्य लिहायचा, बघितलंच नाही तर फुली मारायची, रविवारचं सोमवारी बघितलं तर दोन्ही दिवस मिळून एक आकडा लिहायचा आणि तसं लिहायचं. पहिलीच्या मुलांना वाटतं शून्य म्हणजे काही नाही, मग लिहायचं कशाला? पण शून्य लिहायलाही उठून जावं लागतं, वाकून बघावं लागतं. माझ्या मते परिसर अभ्यासातल्या साऱ्या धड्यांपेक्षा ही एक गोष्ट मोठी आहे. आमच्यासारख्या गावाच्या पावसाची वही शून्यांनीच भरलेली असणार. ते शून्य कुणी लिहिलेच नाहीत, तर दुष्काळ कागदावर यायचा कसा?

वाऱ्याची दिशा मुलं उलटी सांगतात. वारा जातो ती दिशा त्यांना दिसते. तो आला कुठून, हे विचारायचं त्यांना सुचत नाही. घरी उफणणी बघितलेल्या मुलांना मात्र सोपं गेलं, कारण आजी सूप घेऊन उभी राहताना वाऱ्याचा अंदाज घेते आणि भुसा आपल्या अंगावर येणार नाही असं बघते. आता मळणी यंत्रानं होते, ही दृश्यं कमी झाली. आम्ही मूठभर बारीक माती हळूहळू सोडून बघतो. ढगांची दिशा बघायला ध्वजस्तंभ कामाला आला. स्तंभाच्या जवळ स्थिर उभं राहायचं आणि त्याच्या टोकावरून ढग कुठे सरकतो ते बघायचं. थोड्या वेळानं ढग थांबलेत आणि खांबच चाललाय असं वाटायला लागतं, त्यावरून जो गोंधळ होतो तो वेगळाच. खालची माती एकीकडे उडतेय आणि वरचे ढग भलतीकडेच चाललेत, हे मुलांनी स्वतः पकडलं. दसऱ्याच्या आसपास ढग पूर्वेकडून यायला लागले, तेव्हाही आधी त्यांनीच मला सांगितलं.

थंडीत दव. सकाळी मोकळ्या गवतावर पाय भिजायचे, कडुनिंबाखालचं गवत कोरडं. शाळेचा पत्रा ओला, व्हरांडा सुका. दव पावसासारखं वरून पडतं, असं सगळ्यांचं मत, म्हणून झाडाखाली पडत नाही. मी आठवडेबाजारातून बर्फ आणला आणि स्टीलच्या पेल्यात लाल सरबत करून त्यात टाकला. पेल्याला बाहेरून घाम आला. "गळतोय," पोरं म्हणाली. "मग थेंब लाल का नाहीत?" त्यांनी बोटं लावून, चाटून खात्री केली. थेंब बिनरंगाचे आणि बिनचवीचे. पाणी पेल्यातून आलेलं नाही, मग हवेतूनच आलं असणार. गार वस्तूवर हवेतलं पाणी बसतं, एवढं कळल्यावर झाडाचं कोडंही सुटलं. उघडं गवत रात्रभर आपली ऊब आभाळाकडे सोडून गार पडतं, झाडाखालचं तेवढं गार होत नाही.

सावलीच्या नोंदींचं फारसं जमलं नाही. शून्य सावलीचा दिवस आमच्याकडे मे महिन्यात येतो तेव्हा सुट्टी असते, आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो तेव्हा ढग आडवे येतात.

घरची माणसं यात आपसूक आली. मुलं पंचांगातली नक्षत्रं आणि त्यांची वाहनं सांगायला लागली. यंदा मृगाचं वाहन काय, आर्द्राचं काय. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूचा आणि सुनेचा पाऊस ही नावं मला माहीत होती, पण कुठल्या घरात काय मानतात ते मुलांकडून कळलं. काही शिक्षक हे अंधश्रद्धेत टाकून मोकळे होतात, काही डोळे झाकून मान डोलावतात. मला दोन्ही पटत नाही. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी आजोबांचा अंदाज वहीत लिहायचा आणि नक्षत्र संपलं की पावसाचे आकडे शेजारी मांडायचे. कधी जमलं, कधी फसलं. एक आजी म्हणाल्या, "बाई, मला नापास करायला निघाला व्हय?" पण पुढच्या नक्षत्राचा अंदाज त्यांनी नातवाबरोबर स्वतःहून धाडला.

उद्याचं हवामान सांगायची स्पर्धाही आम्ही घेतो. कुणी मुंग्या बघतं, कुणी मोबाइल, कुणी चंद्राभोवतीचं खळं. तिसरीतली एक मुलगी रोज एकच सांगायची, "आजच्यागत." तिच्यावर हसणाऱ्यांनी महिनाअखेर गुण मोजले, तर बाई सगळ्यांच्या पुढे. शहाण्या हवामानशास्त्रज्ञांनाही आपला अंदाज या "आजच्यागत"शी ताडून बघावा लागतो. त्याच्यापेक्षा सरस ठरला तरच त्यांच्या हुशारीला अर्थ. अर्थात आभाळ फिरायच्या दिवशी ती हमखास चुकायची. ते दिवस कसे ओळखायचे, यावर पुढचा महिना गेला.

एका बाबतीत मी कडक आहे. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात वीज पडते, आणि माळावर मेंढरांमागे असलेली पोरं झाडाचा आसरा घेतात. गडगडाट ऐकू आला की निरीक्षण बंद, सगळे वर्गात. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद आतून मोजायचे आणि तिनानं भागायचे. तेवढे किलोमीटर ती लांब. पण लांब आहे म्हणून बाहेर जायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप पालकांच्या फोनवर घ्यायला लावलं, ते याचसाठी.

गेल्या वर्षी गावातले एक शेतकरी वही बघायला आले. नुकसानीचा हिशोब महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होतो आणि तो डोंगराच्या पलीकडे आहे. पलीकडे पाऊस झाला, अलीकडे नाही. त्यांनी आमची पानं उलटली, शून्य मोजले आणि म्हणाले, "ह्ये लिहून ठिवलंय हे बरं केलं." सरकारदरबारी आमच्या डब्याला किंमत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनाही ते ठाऊक होतं.

पण एका मंडळात जितकी गावं, बहुतेक तितक्या शाळा असतात. प्रत्येक शाळेनं सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवला आणि साडेआठला एक मूल त्यात डोकावलं, तर पाऊस कुठे पडला आणि कुठे चुकला याचा नकाशा मुलंच काढतील. खर्च काही नाही. शेजारच्या गावच्या गुरुजी-बाईंनो, येत्या जूनपासून सुरू करा आणि दर शनिवारी तुमचे आकडे आम्हाला कळवा. आमचे आम्ही कळवू.