खोकणारं हॉटेल

ॲरिझोनातल्या जेरोमला जायचं म्हटलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथे भूत दिसतं म्हणे?" सेडोनाच्या लाल डोंगरांपुढे फोटो काढून झालेले असतात आणि ८९-ए रस्त्याने परतताना क्लिओपात्रा टेकडीला चिकटलेलं हे गाव वाटेतच लागतं. गावाच्या डोक्यावर काँक्रीटची पाच मजली इमारत आहे. आज तिचं नाव जेरोम ग्रँड हॉटेल, पूर्वीचं युनायटेड व्हर्डी हॉस्पिटल. झपाटलेली म्हणून तिची दूरदूर ख्याती आहे. आमच्या काही पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनचं काही आठवत नाही, हे हॉटेल मात्र पक्कं आठवतं.

नव्वदच्या सुरुवातीला आम्ही फिनिक्सला नवे होतो, तेव्हा तिथे हॉटेल नव्हतंच. १९५० साली हॉस्पिटल बंद झालं ते चव्वेचाळीस वर्षं तसंच पडून होतं. जुनी गाडी घाट चढताना तापायची, म्हणून वाटेत थांबावं लागे, आणि वर पाहिलं की ती रिकामी इमारत दिसायची. गावात तेव्हा फिरायला मोजकीच माणसं यायची. एका घराचं छप्पर वरच्या घराच्या अंगणाला टेकलेलं, दगडी पायऱ्या वाटेतच संपलेल्या, आणि चित्रकार, कुंभार, लांब केसांचे जुने हिप्पी आपापल्या दुकानाच्या दारात बसलेले. इमारतीबद्दल विचारलं तर ते खांदे उडवत. भीती होती, पण ती फुकट होती.

आता पार्किंगलासुद्धा पैसे मोजावे लागतात. रविवारी मुख्य रस्त्यावर वाइनची दुकानं, मिठाईची दुकानं आणि मोटारसायकलींची रांग. १९९४ मध्ये एका कुटुंबाने ती इमारत खाण कंपनीकडून विकत घेतली आणि १९९६ मध्ये तिथे हॉटेल सुरू केलं. रात्री पाहुण्यांच्या हातात यंत्रं देऊन भुतं शोधायला नेतात. खालच्या रेस्तराँचं नाव ठेवलं 'असायलम'. ही इमारत वेड्यांचं इस्पितळ कधीच नव्हती. पण खाणकामगारांचा दवाखाना म्हटलं तर कोण जेवायला येणार?

आपल्याकडे भुतांची कशी व्यवस्था लावलेली असते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळ आडवाटेला, आणि प्रत्येकाची अपुरी राहिलेली इच्छा सगळ्या गावाला पाठ. जेरोमच्या भुतांचं तसं नाही. त्यांच्यात नाव घेण्याजोगा एकच, लिफ्टवाला. १९३५ साली देखभालीचं काम करणारा एक माणूस लिफ्टखाली मेलेला सापडला. चौकशीत तो अपघात ठरला, गावात कुजबूज मात्र थांबली नाही. लिफ्ट १९२६ ची, ओटिस कंपनीची, आणि आजही तीच चालते. आत जेमतेम तीन-चार माणसं मावतात. दार नीट लागलं नाही तर ती जागची हलत नाही, मग पुन्हा उघडून पुन्हा लावायचं. वर निघाली की आधी एक हिसका बसतो. पाहुणे इथेच एकमेकांचा दंड धरतात.

त्याच १९३५ साली फेल्प्स डॉज कंपनीने इथली मुख्य खाण विकत घेतली. सगळ्या गावाचा मालक बदलला. त्याची गोष्ट रात्रीच्या फेरीत कोणी सांगत नाही.

मी बल्लारपूरकडचा. घर कंपनीचं, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे जेरोम मला पहिल्या भेटीतच ओळखीचं वाटलं. इथला मूळ धनी विल्यम क्लार्क, माँटानाचा तांबेसम्राट आणि पुढे तिथलाच सिनेटर. त्याने १८८८ मध्ये ही खाण घेतली. धातू गाळण्याच्या भट्ट्यांच्या गंधकी धुराने टेकडीवरचं गवतसुद्धा जळून गेलं. डोंगराच्या पोटात तर मैलोनमैल बोगदे. सुरुंगांच्या हादऱ्यांनी इमारती जागच्या सरकल्या. गावचा तुरुंग घसरत घसरत दोनशेहून अधिक फूट खाली गेला, तो आजही तिथेच आहे. म्हणून १९२७ मध्ये उघडलेलं हे हॉस्पिटल ओतीव काँक्रीटचं बांधलं, खालच्या स्फोटांना दाद न देणारं. त्या काळी राज्यातल्या सगळ्यात अद्ययावत हॉस्पिटलांत त्याची गणना होई.

क्लार्क ते पाहायला राहिला नाही, तो १९२५ मध्येच वारला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्याचा शंभरावर खोल्यांचा महाल होता. तो जमीनदोस्त झाला नेमका १९२७ मध्ये, मजुरांचं हॉस्पिटल उघडलं त्याच वर्षी. महाल जेमतेम सोळा वर्षं टिकला. क्लार्कची मुलगी ह्युगेट तर त्याहून नवलाची. कोट्यवधी डॉलर आणि रिकामी आलिशान घरं नावावर असताना तिने आयुष्याची शेवटची वीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये हॉस्पिटलच्या खोल्यांत काढली. २०११ मध्ये, एकशे पाचव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, ती गेली. बापाच्या हॉस्पिटलचं हॉटेल झालं होतं, मुलीने हॉस्पिटलचंच घर केलं. झपाटलेपण कशाला म्हणायचं असेल तर मला हीच गोष्ट आधी आठवते.

जेरोमच्या खऱ्या काळ्या दिवसाला भूत लागत नाही. १० जुलै १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना, संपाच्या धामधुमीत कंपनीच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांनी कामगार संघटनेच्या साठेक माणसांना पहाटे पकडलं, गुरांच्या डब्यात कोंबलं आणि राज्याबाहेर काढायला आगगाडी सोडली. दोनच दिवसांनी बिस्बी या दुसऱ्या तांब्याच्या गावी हाच प्रकार बाराशेहून अधिक लोकांवर झाला. हॉस्पिटल तेव्हा बांधलंही नव्हतं, म्हणून या माणसांना रात्रीच्या फेरीत जागा नाही. हॉस्पिटलात हजारो माणसं मेल्याचे आकडे मात्र तिथे बिनदिक्कत ऐकवतात. १९३० च्या जनगणनेत सगळं गावच पाच हजारांच्या आसपास होतं, आणि हॉस्पिटल चाललं तेवीस वर्षं.

काही वर्षांपूर्वी माझी आत्या आमच्याकडे आली होती. तिची उभी नोकरी खाणभागातल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली. तिला जेरोमला नेलं, तेव्हा हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर वाटाड्या आवाज खाली आणून सांगत होता की, रात्री इथे खोकल्याचे आणि जड श्वासाचे आवाज येतात. मी भाषांतर केलं. आत्या म्हणाली, "अरे, यात भुताचं काय आहे? छातीत दगडाची धूळ बसली की माणूस असाच खोकतो. झोपता येत नाही त्याला, रात्रभर उशीला टेकून बसतो."

कोरड्या ड्रिलने खडक फोडताना उडणारी गारेची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि श्वास कमी कमी होत जातो. हाच सिलिकोसिस. त्या ड्रिलला अमेरिकेतले खाणकामगार 'विडोमेकर' म्हणत, बायकांना विधवा करणारं यंत्र. जेरोमच्या सगळ्या भूतकथांत मला ही खोकल्याचीच पटते. लिफ्टखाली एक माणूस गेला, त्याची गोष्ट झाली. धुळीने दमादमाने मेलेल्यांची गोष्ट होत नाही, कारण त्यात रहस्यच नाही.

तरीही हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. १९५३ मध्ये शेवटची खाण बंद झाली तेव्हा गावात शंभराच्या आत-बाहेर माणसं उरली होती. त्याच वर्षी त्यांनी जेरोम हिस्टॉरिकल सोसायटी काढली आणि ओस पडलेलं शहर बघायला या म्हणून जाहिरात सुरू केली. भूत विकूनच गाव जगलं. आज तिथे साडेचारशेच्या आसपास लोक राहतात. हॉटेल झालं नसतं तर ती इमारत ढासळली असती, हेही खरं. पण नव्वदमध्ये ती गप्प होती तेव्हा खालच्या खाणीबद्दल आपोआप विचारावंसं वाटे. आता ती इतकी बोलते की कोणी विचारतच नाही.

तेव्हा जाणार असाल तर क्रम उलटा करा. आधी गावाखालच्या ऑड्री शाफ्टवर जा. १९०० फूट खोल विहिरीवर तिथे जाड काच टाकली आहे, तिच्यावर उभं राहून खाली बघा. शेजारीच डग्लस मॅन्शनमध्ये १९६५ पासून संग्रहालय आहे. गावाखालच्या बोगद्यांची प्रतिकृती तिथे मांडलेली आहे, ती निवांत पाहा. हॉटेल रात्रीही उघडं असतं, संग्रहालय संध्याकाळी बंद होतं.